कोपरा आणि कव्हर : कबड्डीतला सर्वोत्तम बचाव कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेत गोदाघाटावरच्या या पटांगणात राजकारण, साहित्य, शेती, अध्यात्म यांवर पुष्कळ बोलून झालं आहे. आज मी कबड्डीवर बोलणार आहे, आणि तेही तिच्या एकाच अंगावर, बचावावर. प्रश्न साधा आहे : प्रो कबड्डी लीग 2014 साली सुरू झाली तेव्हापासून सर्वांत चांगला बचाव कोणत्या संघाचा होता? चढाईपटूंचा वाद निदान आकड्यांवर तरी लढता येतो. बचावाचा वाद आकड्यांनी मिटत नाही, उलट त्यांच्यामुळेच वाट चुकतो. हे मला आज उदाहरणांनिशी दाखवायचं आहे, आणि शेवटी माझं मतही द्यायचं आहे.

अमेरिकेतही त्यांच्या फुटबॉलविषयी हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे मागच्या फळीत दोन कडांना कॉर्नरबॅक आणि मध्ये सेफ्टी उभे असतात. आपल्या कोपऱ्याशी आणि कव्हरशी त्यांचं नातं चटकन जुळतं. सिअ‍ॅटल सीहॉक्स संघाची रिचर्ड शर्मन, अर्ल थॉमस, कॅम चॅन्सलर ही फळी त्या वादात हमखास येते. 2012 ते 2015 अशी सलग चार वर्षं लीगमध्ये सर्वांत कमी गुण सिअ‍ॅटलने दिले. 2013च्या मोसमात डेन्व्हरने 606 गुणांचा विक्रम केला होता, आणि अंतिम सामन्यात सिअ‍ॅटलने त्याच डेन्व्हरला 8 गुणांवर रोखलं. स्वतः 43 केले. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शर्मनच्या बाजूला चेंडू टाकायला प्रतिस्पर्धी कचरत असत. जिकडे कोणी जातच नाही, तिथल्या खेळाडूच्या नावावर आकडे कुठून जमा होणार?

आता आपल्या मैदानावर येऊ. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत फक्त 1.75 मीटर जागा उरते. कोपरारक्षकाचं राज्य एवढंच. एवढ्या पट्टीत उभं राहून, चढाईपटूचा पाय बोनससाठी किंवा स्पर्शासाठी आत आला की क्षणार्धात त्याचा घोटा धरायचा असतो. घोटा धरला म्हणजे पकड झाली असं मात्र नाही. एका हातात पाय घेऊन जमिनीवर पडलेल्या कोपरारक्षकाला ताकदीचा चढाईपटू मध्यरेषेपर्यंत ओढत नेऊ शकतो. तो हात सुटायच्या आत कव्हरने मध्ये येऊन वाट अडवायची, मांडी किंवा कंबर धरायची, नाहीतर डॅश मारून मैदानाबाहेर घालवायचं. कव्हर लवकर निघाला तर चढाईपटू त्याला हाताने शिवून परत फिरतो. उशिरा निघाला तर कोपरा गेलाच, आणि मागाहून अंगावर पडलेले दोघे-तिघेही बाद होतात.

म्हणून पकडीचा गुण नावावर एकाच्या लागत असला तरी ती पकड दोघा-तिघांची असते. आणि पकडीच्याही आधीचं एक काम आहे, त्याची नोंद ठळकपणे कुठेच होत नाही. साखळी न तोडता चढाईपटूबरोबर सरकत राहायचं, त्याला 30 सेकंद काहीही मिळू द्यायचं नाही आणि रिकाम्या हाताने परत पाठवायचं. सलग दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची होते. तिच्यात गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. मग तो आत शिरतो आणि कोपऱ्याला घोटा मिळतो. त्या एका गुणामागे आधीच्या दोन चढायांमध्ये सातही जणांनी राखलेला संयम असतो. गुणफलकावर त्या संयमाचे शून्य गुण!

अव्वल पकडींचंही तसंच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना पकड झाली तर दोन गुण मिळतात. टाळ्या फार पडतात, आणि पडाव्यातच. पण एखादा संघ मोसमभर अव्वल पकडी करतो आहे याचा अर्थ तो वारंवार तीन गड्यांवर येतो आहे. खरोखर भक्कम बचावावर ती पाळी कमी येते. 2018च्या मोसमात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडींचे 100 गुण मिळवले. एका मोसमात शंभरी गाठणारा तो पहिलाच. कामगिरी विलक्षण होती, पण त्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचला नाही. इराणचा फझल अत्राचली पकडीच्या गुणांत सर्वांच्या पुढे आहे, पाचशेच्याही पलीकडे. मला तो आजवरचा सर्वश्रेष्ठ डावा कोपरा वाटतो. पण आपला प्रश्न सर्वोत्तम बचावपटूचा नाही, सर्वोत्तम बचावाचा आहे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत.

मग संघ कोणते धरायचे? पहिला दावा यू मुंबाचा. पहिल्या तिन्ही मोसमांत हा संघ अंतिम फेरीत होता, आणि 2015 साली बेंगळुरू बुल्सला 36-30 असं हरवून विजेता ठरला. कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, कव्हरला जीवा कुमार आणि आपला मुंबईचा विशाल माने. त्या काळी चढाईपटू या चौघांसमोर बिचकत जायचे. पुढचा लिलाव झाला, चौकडी फुटली. नाडा आणि मोहित दोघेही बेंगळुरूकडे गेले. दोन्ही कोपरे एकत्रच गेले म्हणजे बेंगळुरूचा बचाव मुंबाइतकाच व्हायला हवा होता. पण 2016च्या त्या मोसमात बेंगळुरूला उपांत्य फेरी गाठता आली नाही, आणि यू मुंबालाही नाही. कोपरे तेच, पण त्यांच्या शेजारचे हात बदलले होते. या विषयावरचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

दुसरा दावा 2017च्या गुजरातचा. संघ नवा, कोपऱ्यांवर फझल आणि अबोझार मिघानी हे दोघे इराणी, प्रशिक्षक मनप्रीत सिंग. पहिल्याच वर्षी अंतिम फेरी. तिथे मात्र पाटण्याच्या प्रदीप नरवालने त्यांना फोडून काढलं आणि सामना 55-38 असा गेला. अंतिम सामन्यात 55 गुण देणाऱ्या बचावाला मी पहिला क्रमांक देणार नाही, मोसमभर तो कितीही चांगला खेळलेला असो. तिसरा दावा 2022च्या जयपूरचा : सुनील कुमार, अंकुश राठी, साहुल कुमार आणि रेझा मीरबाघेरी. हा फार समतोल बचाव होता. अंतिम फेरीत पुण्याला त्यांनी 29 गुणांवर ठेवलं.

खरी लढत पुढच्या दोन संघांची आहे. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. मोहम्मदरेझा शादलूने त्या मोसमात पकडींचे 99 गुण घेतले होते. दुसऱ्या कोपऱ्याला गौरव खत्री, कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. शिवाय नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा कर्णधार अस्लम इनामदार, जो चढाई करून परत आल्यावर बचावातही तेवढ्याच जिवाने उतरतो. आपल्या नाशिकचा आकाश शिंदेही याच संघात होता. त्यामुळे तुमचं मत पुण्याकडे झुकणार हे मी समजू शकतो. माझंही मन तिकडेच ओढतं.

तरीही माझं मत हरियाणाला आहे. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात हरले तरी त्यांनी पुण्याच्या एवढ्या चढाईपटूंना 28 गुणांवर धरलं होतं. जयदीप दहिया, मोहित (मुंबाचा मोहित छिल्लर नव्हे), राहुल सेठपाल ही मंडळी हरियाणाने सोडली नाहीत. पुढच्या मोसमात शादलू त्यांच्यात येऊन मिळाला. 29 डिसेंबर 2024ला पुण्यात बालेवाडीला समोर पाटणा होतं. त्यांच्या देवांक दलालने त्या मोसमात चढायांचे 301 गुण केले होते. अशा संघाला हरियाणाने 23 गुणांत गुंडाळलं आणि 32-23 असा विजय मिळवला. लागोपाठ दोन अंतिम सामने, आणि त्यांत दिलेले गुण 28 आणि 23. प्रशिक्षक कोण? तेच मनप्रीत सिंग, ज्यांच्या गुजरातने 2017 साली अंतिम फेरीत 55 गुण दिले होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लोक म्हणतात, हे सगळं शादलूचं कर्तृत्व. तो पुण्यात होता तेव्हा पुणं जिंकलं, हरियाणात गेला तर हरियाणा जिंकलं. मग 2025चा मोसम पाहा. शादलू गुजरातचा कर्णधार झाला, पण गुजरातला पहिल्या आठांत जागा मिळाली नाही. त्याच्याविना पुणं मात्र अंतिम फेरीत पोहोचलं आणि दिल्लीकडून 31-28 असं हरलं. मोठा खेळाडू भरलेल्या घड्याळाला अचूक चालवतो, पण चाकंच नसतील तर तो काय करणार?

आता जरा आपल्या घरात डोकावू. हा खेळ महाराष्ट्राने वाढवला. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो जगाला दाखवला. शंकरराव तथा बुवा साळवींनी त्याच्यासाठी आयुष्य दिलं. आणि आज? अस्लम, आकाश, पंकज मोहिते, सिद्धार्थ देसाई, शिवम पटारे, आदित्य शिंदे. लोकांच्या ओठांवरची आपली नावं बहुतेक चढाईपटूंची. मी ज्या बचावांची चर्चा केली त्यांत मराठी नावं दोनच आली, विशाल माने आणि संकेत सावंत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण 2018च्या जानेवारीत महाराष्ट्राने सेनादलाला नमवून 11 वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा रिशांक देवाडिगाच्या त्या संघात विशालबरोबर गिरीश इर्नाकसारखा कोपरा होता. आपल्याकडे बचावपटू निपजत नाहीत हे खोटं आहे. आपण त्यांना जोडीने वाढवत नाही, हे खरं.

निवड चाचणीत आपण काय करतो? मुलाला एकट्याला पाहतो. त्याने किती पकडी केल्या ते मोजतो. शेजारच्या मुलाने साखळी सैल पडू दिली नाही म्हणून ती पकड झाली, हे कोणी लिहून ठेवत नाही. माझी सूचना अशी की तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या चाचणीत कोपरा आणि कव्हर यांची जोडी एकत्र उतरवावी, एकत्र निवडावी आणि किमान दोन-तीन मोसम मोडू नये. गुणलेखकाच्या कागदावर पकडींच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : या जोडीसमोर किती चढाया रिकाम्या गेल्या. कागदावर एक रेघ जास्त ओढायची, एवढंच काम. पण 14 वर्षांच्या मुलाला त्यातून कळेल की पाय न पकडताही आपण संघासाठी काहीतरी केलं.

आता प्रश्नोत्तरं. पुणेरी पलटणच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरूर पुढे यावं. मी फक्त एवढंच विचारीन की शादलू गेल्यावर पुढच्याच मोसमात पुणं पहिल्या सहांतून बाहेर का पडलं, आणि त्यात कोपऱ्याचा दोष किती आणि कव्हरचा किती.