माथ्यावरचं ओझं आणि घराची माया
(दिंडी शताब्दी सोहळा, नवी मुंबई येथील भाषण)



आपली दिंडी गावाकडची खरी, पण कित्येक वर्षं तिच्या भिशीला हातभार लागला तो इथल्या माथाडी मंडळींचा. वाशी-तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहायची, आषाढी जवळ आली की पताका खांद्यावर घ्यायची. म्हणून या सोहळ्यात आम्ही अण्णासाहेब पाटलांची आठवण काढतो आहोत.

अण्णासाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ चा, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचा. पोटासाठी मुंबई गाठली, हमाली केली. हमालाचे हाल त्यांनी नुसते ऐकले नव्हते, अंगावर सोसले होते.

तेव्हा कसं होतं? काम मिळालं तर वाराई, नाही तर उपास. पाय घसरला की कंबर गेली, अन् कंबर गेली की गावाकडची चूल थंड. मालक म्हणणार, हा माझा कामगारच नाही! एका टोळीचे दहा मालक. दाद मागायची कुणाकडे? कारभारीण, पोरंबाळं गावाला, आणि धनी मुंबईच्या खोलीत दाटीवाटीनं.

अण्णासाहेबांनी या विखुरलेल्या टोळ्या एक केल्या, लढे दिले. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही द्यायची. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. मालक कितीही असोत, कामगाराची नोंद एका जागी.

माउली, घरावरची माया म्हणजे दुसरं काय असतं? फंडाच्या पैशात कुणाच्या लेकीचं लग्न झालं, कुणी कोपरखैरणे-घणसोलीला खोली केली, बायकापोरं जवळ आणली. अण्णासाहेबांनी हजारो प्रपंच आपलेच मानले. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच पांडुरंग भेटला. आपल्या माणसांना तो पोत्याखाली भेटला, असं आम्ही म्हणतो.

एक गोष्ट जड मनानं सांगायची. २२ मार्च १९८२ ला आर्थिक निकषावर आरक्षण मागायला मुंबईत मराठा समाजाचा मोर्चा निघाला. मागणी पदरात पडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी स्वतःचा जीव दिला. वय अवघं ४८. त्यांच्या घराचं छत्र गेलं, माथाड्यांचं आधाराचं झाड गेलं. त्यांचा त्याग आम्ही विसरणार नाही. पण तरुण पोरांना हात जोडून सांगतो, त्यांचं जगणं घ्या, मरण नको. नरदेह मोलाचा आहे. मन खचलं तर दिंडीत या, माणसांत बसा, बोला.

आणखी एक. कायदा झाला म्हणजे काम संपलं नाही. आजही नोंदणीशिवाय ओझी उचलणारे आहेत. आपल्या शेजारी असा कुणी असेल, तर त्याला मंडळाची वाट दाखवा. वारीत थकलेल्याची पिशवी आपण न सांगता घेतो ना? हेही तसंच आहे.

टाळ वाजवणारे हात आणि पोतं उचलणारे हात एकच आहेत, एवढं ध्यानात ठेवू या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!