त्रिनिदादचे सॅन फर्नांडो



आज आपण एका दूरच्या शहराची माहिती करून घेऊ. शहर परदेशातले खरे. पण त्याच्या भोवतालच्या मातीत आपल्या देशातल्या माणसांचा घाम मुरला आहे.

उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यान कॅरिबियन समुद्र आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात त्रिनिदाद नावाचे बेट आहे. ते आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही थोडे लहान! बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फर्नांडो हे शहर वसले आहे.

शहराच्या मधोमध एक टेकडी आहे. लोकांनी दगडासाठी ती वर्षानुवर्षे खोदली. खोदून खोदून टेकडीचा आकारच बदलला. शेवटी खोदकाम थांबवले आणि तिथे बाग केली. आता लोक वर जाऊन समुद्र पाहतात.

शहराच्या नैऋत्येला ला ब्रेया हे गाव आहे. तिथे एक नवलच आहे, बरं का! ते म्हणजे डांबराचे तळे. तळे सुमारे १०० एकरांचे आहे. हे डांबर जमिनीच्या पोटातून आपोआप वर येते. बऱ्याच ठिकाणी ते इतके घट्ट असते की त्यावरून माणूस चालू शकतो. इथले डांबर देशोदेशीच्या रस्त्यांवर पडले आहे.

शहराच्या उत्तरेला सपाट मैदान आहे. इथे पूर्वी उसाचे मोठमोठे मळे होते. मळ्यांत राबायला मजूर हवे होते. म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून माणसे नेली. पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी तिथे पोहोचले. कलकत्त्याहून निघून, आफ्रिकेला वळसा घालून जायला तीन महिन्यांहून जास्त दिवस लागले. १९१७ पर्यंत अशी १ लाख ४० हजारांहून जास्त माणसे गेली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडची. पाच वर्षे राबायचा करार असे. करार संपल्यावर काही परतले, पण पुष्कळजण तिथेच राहिले. २०११ च्या शिरगणतीत तिथल्या दर १०० माणसांत सुमारे ३५ भारतीय वंशाची होती.

त्याच मैदानाच्या काठी वॉटर्लू गाव आहे. तिथे सिवदास साधू नावाचे मजूर राहत. त्यांनी किनाऱ्यावर एक देऊळ बांधले. पण जागा साखर कंपनीची होती. देऊळ काढा, असा हुकूम झाला. सिवदास ऐकेनात. त्यांना १४ दिवस तुरुंगात टाकले आणि देऊळ पाडले.

तुरुंगातून सुटल्यावर सिवदासांनी विचार केला : जमिनीला मालक आहे, समुद्राला कोण मालक? ओहोटी लागली की ते सायकलवरून दगड-माती नेत आणि समुद्रात भराव टाकीत. लोक हसत. ते मात्र थांबले नाहीत. अशी वर्षांमागून वर्षे गेली आणि समुद्रात देऊळ उभे राहिले. लाटांनी ते झिजले, तेव्हा १९९५ च्या सुमारास सरकारने ते नीट बांधून काढले. पहिले जहाज आले त्याला तेव्हा दीडशे वर्षे झाली होती.

आज तिथले साखर कारखाने बंद आहेत. उसाचे मळेही गेले. देऊळ मात्र उभे आहे. ज्यांच्या हाती वीतभर जमीन नव्हती, त्यांच्यातल्या एकाने समुद्रातून जागा काढली. त्रिनिदादचा नकाशा पाहाल, तेव्हा हे जरूर आठवा.