घराची जागा आणि घरातील जाग

घर बांधावयाचे किंवा विकत घ्यावयाचे ठरले की जुन्नर-आंबेगावकडील कुटुंबात पहिली चौकशी सातबाऱ्याची होते. जमीन कोणाच्या नावावर आहे, इतर हक्कांत कोणाचे नाव तर लागलेले नाही, बिनशेतीचा आदेश झाला आहे काय, गाडीवाट मिळते काय, हे सारे विचारले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि सातबारा ही हक्काची नोंद होय. वरच्या डोंगराचे पाणी आषाढात कोणीकडून उतरते, हे त्यावर लिहिलेले नसते. आणि रात्री दोन वाजता घरात धूर कोंडला तर झोपलेल्या माणसांना उठवणार कोण, हा प्रश्न तर कोणत्याच कागदावर येत नाही. गावाच्या कारभाऱ्यांनी आणि शिक्षकांनी या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र करणे अगत्याचे आहे.

बुधवार, ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा भाग कोसळला. आदल्या दिवसापासून मुसळधार पाऊस चालू होता. चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गाडली गेली आणि १५१ जण मृत्युमुखी पडले. ही वार्ता बाहेर पोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकामुळे. रोजचे गाव जागेवर दिसेना, तेव्हा त्याने ते कळवले. संकटाची पूर्वसूचना तर दूरच राहिली. घडून गेलेले संकटसुद्धा असे वाटसरूच्या नजरेने उघडकीस आले.

लोक मुळात उतारावर राहतातच का, असा प्रश्न शहरातून सहज विचारला जातो. भीमाशंकराच्या बाजूचा हा डोंगरपट्टा प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा आहे. येथे जो सपाट तुकडा हाती लागेल त्यात भात लावावयाचा, कारण वर्षाचे धान्य त्यातून येते. घराला मग उरलेली, खाचरात न बसणारी जागा. हिरड्याची झाडे डोंगरात, गुरांचे रान डोंगरात. त्यातच घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने गावही त्या जलाशयात गेले आणि खोऱ्यातील सपाट जमीनही गेली. उतारावरील घरामागे असा पिढ्यांचा हिशेब असतो. जागा बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा, नाहीतर सल्ला सभेपुरताच राहतो.

उतार फोडून सामुदायिक श्रमाने खाचरे पाडण्याची, म्हणजे पडकईची, रीत या भागात जुनी आहे. माळीणच्या घटनेनंतर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाविषयी बरीच चर्चा झाली. त्या वादात न शिरताही एवढे सांगता येईल की उताराचा पायथा तोडला म्हणजे वरच्या मातीचा आधार कमी होतो, मग तोड खाचरासाठी असो वा घराच्या जोत्यासाठी. डोंगर कोरून मागची भिंत त्याला भिडवली की जोत्याचा खर्च वाचतो खरा. पण त्या भिंतीमागे साठणाऱ्या पाण्याला वाट ठेवलेली फारच थोड्या ठिकाणी दिसते.

माळीणचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले. ६७ घरांची नवी वसाहत २ एप्रिल २०१७ रोजी ग्रामस्थांच्या स्वाधीन करण्यात आली. त्याच वर्षीच्या जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात तेथील भरावाची माती काही ठिकाणी खचली, रस्त्यांना भेगा पडल्या, आणि आधीच घाव सोसलेले लोक पुन्हा धास्तावले. हा अनुभव झाकून ठेवण्यासारखा नाही. तो प्रत्येक नव्या वसाहतीच्या उपयोगाचा आहे. नवा भराव बसण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून कापलेल्या कठीण जमिनीवर घर कोणते आणि भरावावर कोणते, हे घर घेणाऱ्याने विचारलेच पाहिजे. एकच घर अर्धे कापलेल्या आणि अर्धे भरलेल्या जागेवर असेल, तर मधोमध तडा जाण्याचा संभव अधिक.

जागा पाहावयास जावे ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात प्रत्येक उतार कोरडा आणि गुणी दिसतो. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला चंद्रकोरीसारख्या भेगा आहेत काय, झाडे आणि विजेचे खांब एकाच बाजूस कलले आहेत काय, पूर्वी नव्हता तेथे झरा फुटला आहे काय, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा अचानक आटले काय, दारे चौकटीत अडकू लागली काय, ही चिन्हे गावातील वडीलधाऱ्यांना ओळखता येतात. घरकुलाच्या अर्जासोबत जागेचे छायाचित्र घेतले जाते, तेव्हा मागच्या डोंगराचेही एक घेतले तर फुकट जाणार नाही. स्वतःची जागा नसलेल्या पात्र लाभार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, तिची माहिती ग्रामपंचायतीने आपण होऊन द्यावी.

दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेकडे चित्र निराळे. नारायणगाव, मंचर, आळेफाटा येथे सदनिका आणि भूखंड विकत घेणारे बरेच आहेत. तेथे डोंगराची भीती नाही, पण नदीची आहे. कुकडी, मीना किंवा घोड नदीच्या काठची जागा घेताना निळी आणि लाल पूररेषा कोठून जाते, हे जलसंपदा विभागाच्या नकाशावर पाहून घ्यावे. ऊसमळ्यात घर बांधणाऱ्यास बिबट्याचाही विचार सोडता येत नाही. उंबऱ्यापर्यंत ऊस नको, गोठा बंदिस्त हवा, शौचालय घराला लागून असावे आणि अंगणात दिवा असावा.

जागा चांगली मिळाली तरी घरातील जाग उरतेच. जुने कौलारू घर धूर फार काळ धरून ठेवत नसे. तो कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि शेजाऱ्याला दिसे. आता स्लॅबचे छत आहे, थंडीमुळे आणि बिबट्याच्या भयाने खिडक्या बंद आहेत, आणि ओसरीवर रात्रभर विजेची दुचाकी भारित होत असते. अशा घरात धूर छताखाली साठत खाली उतरतो. झोपेत वासाची जाणीव मंदावते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. ज्वाळा पोचण्याआधी माणूस गुदमरतो तो यामुळे.

धूरसूचक यंत्र ही मूठभर आकाराची, बॅटरीवर चालणारी वस्तू आहे. त्याच्या आतील कप्प्यात प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो. धूर शिरला की किरण विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि कर्कश भोंगा वाजू लागतो. यंत्र बसवावे ते निजण्याच्या खोलीत आणि तिच्याबाहेरील वाटेत, छताला, भिंतीपासून सुमारे एक फूट आत. माडी असेल तर जिन्याच्या माथ्यावरही एक हवे. चुलीजवळ मात्र ते लावू नये. फोडणीच्या प्रत्येक धुराला ते ओरडेल आणि चार दिवसांत कोणीतरी त्याची बॅटरी काढून रेडिओला घालील. महिन्यातून एकदा कळ दाबून आवाज पाहावा आणि दहा वर्षांनी यंत्र बदलावे. घरगुती गॅसची गळती या यंत्राला कळत नाही. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि त्याचा सूचक वेगळा, खालच्या बाजूस लावावयाचा असतो.

घरासाठी जे यंत्र, तेच वस्तीसाठी माणसांना करावे लागते. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली सापडली. इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री. डोंगराला कळ दाबून पाहता येत नाही. मोजपट्टी लावलेले सरळ काठाचे भांडे उघड्यावर ठेवून पाऊस मोजणे मात्र शाळेतील मुलांनाही जमते, आणि सलग दोन दिवस भांडे भरत राहिले तर त्या रात्री उताराखालच्या घरांनी तेथे निजू नये, एवढा नियम गावाला आपसात ठरवता येतो.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याआधीची ग्रामसभा १ मे रोजी भरते. उताराखालच्या घरांची नावनिशीवार यादी, पावसाच्या रात्री आळीपाळीने जागणाऱ्यांची नावे, देवळाची घंटा कोणी वाजवावयाची आणि शाळेच्या खोल्यांची दुसरी किल्ली कोणाच्या घरी राहील, हे चार विषय त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेता येतील.