साध्या तक्रारी, तातडीचे आजार : भिलाईच्या संदर्भात



भिलाई पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भातशेतीच्या प्रदेशात एक औद्योगिक नगर उभे राहिले. येथील तातडीच्या दवाखान्याला त्यामुळे कारखान्याचे आजार पाहावे लागतात, तसेच शेताचेही. तक्रारी मात्र सर्वत्र असतात त्याच : ताप, डोकेदुखी, पोटदुखी, छातीत जळजळ. रुग्ण कोठून आला, कोणत्या ऋतूत आला आणि दुखणे कधी सुरू झाले, एवढे विचारले तरी निदानाचा बराच मार्ग मोकळा होतो.

डोकेदुखीचेच पाहावे. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, हातापायांतील त्राण गेल्यासारखे वाटणे या तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला बहुधा पित्ताचे किंवा अपुऱ्या झोपेचे औषध मिळते. पण तो झोतभट्टीच्या परिसरातून आला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका प्रथम घ्यावयास हवी. झोतभट्टीच्या वायूत हा घटक मोठ्या प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाईत पाण्याचा दाब घटल्याने हा वायू पंपगृहात शिरला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. अशा रुग्णाच्या बोटाला लावलेले ऑक्सिजन मोजण्याचे साधन फसवते. रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतील भेद त्याला कळत नाही. आकडा ९८ दिसतो आणि रुग्ण गुदमरत असतो. म्हणून आकड्याची वाट न पाहता घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर ते सुमारे एक-दीड तासात येते. एकाच पाळीतील दोघे-तिघे एकदम डोके दुखते म्हणून आले, तर दवाखान्याने कारखान्याला त्याच क्षणी कळवणे हाही उपचाराचाच भाग आहे, कारण आणखी माणसे अजून त्याच जागी काम करीत असू शकतात.

पावसाळ्यातील पोटदुखीची गोष्ट याहून वेगळी. आसपासच्या गावांतून पहाटे एखादा तरुण पोटात कळ, उलटी आणि घशात अडकल्याची भावना घेऊन येतो. रात्री तो जमिनीवर झोपलेला असतो. हा अपचनाचा प्रकार मानून त्याला इंजेक्शन देऊन परत पाठवण्याची चूक जिवावर बेतते. मण्यार, ज्याला तिकडे करैत म्हणतात, तिचा दंश बहुधा वेदनारहित असतो. खूण इतकी सूक्ष्म की शोधूनही सापडत नाही. रुग्णाला डोळे उघडून वर पाहावयास सांगावे. पापण्या खाली ओघळत असतील, गिळता येत नसेल, तर सर्पदंश गृहीत धरून प्रतिविष सुरू करावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही जातींवर चालणारे एकच प्रतिविष आपल्याकडे मिळते. मात्र श्वास मंदावल्यास प्रतिविष पुरेसे नाही; हाताने दाबण्याच्या फुग्याने श्वास देत रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्राची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत न्यावे लागते. मांत्रिकाकडे गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

तापाबाबत २०१८ च्या पावसाळ्यातील भिलाईची डेंग्यूची साथ पुष्कळ शिकवून गेली. ताप उतरला की घरची मंडळी निर्धास्त होतात. डेंग्यूत नेमका हाच काळ धोक्याचा, साधारण तिसरा ते सातवा दिवस. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास दाखल करावे. पॅरासिटामॉलखेरीज दुसरे वेदनाशामक देऊ नये. केवळ प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहत बसण्याची सवयही सुटावयास हवी. रक्त घट्ट होत चालले आहे का, हे अधिक महत्त्वाचे. मे महिन्यात तापलेले अंग व बरळणे असेल, तर तो उष्माघात समजून आधी थंड पाण्याने अंग गार करावे.

छत्तीसगढ व विदर्भ यांना जोडणारा आणखी एक आजार म्हणजे सिकलसेल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. हाडे-सांधे फुटत असल्याची तक्रार करणारा तरुण वारंवार येतो, तेव्हा तो औषधासाठी नाटक करतो असे ठरवण्याआधी रक्त तपासावे. त्याला पुरेसे वेदनाशामक व पाणी द्यावे. ताप असेल तर प्रतिजैविकास विलंब करू नये.

छातीत जळजळीचा रुग्ण मात्र रांगेत बसू नये. मधुमेही व्यक्तीत हृदयविकाराचा झटका केवळ जळजळ, घाम किंवा दम लागणे अशा रूपात येऊ शकतो. दहा मिनिटांत ईसीजी काढावा, आणि तो निर्दोष दिसला व दुखणे थांबले नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा काढावा. नोंदवहीत ‘गॅस’ हा शब्द ईसीजीनंतरच लिहावा.