तळ्याच्या पाण्याची परीक्षा



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं गढूळ पाण्याविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु दक्षिणेकडील पोरा आणि शहरांतील नाग व पिवळी या नद्या जें सांडपाणी वाहून नेतात, तें आपल्याच घरांतलें. नागेचें पाणी कन्हानेंत, कन्हानेचें वैनगंगेंत मिळून गोसेखुर्दच्या धरणापर्यंत जातें. आपल्या मोरींतली घाण भंडाऱ्याच्या शेतकऱ्यापाशीं पोहोंचते ती अशी.

नागपुरांत ग्रीन व्हिजिल फाउंडेशनचे स्वयंसेवक फुटाळा, सोनेगांव, सक्करदरा या तलावांचें पाणी गणेशविसर्जनापूर्वीं व नंतर तपासत आले आहेत. साहित्य अगदीं साधें: उष्णतामापक, एक भांडें, लहान नळ्या व गोळ्या. गोळी पाण्यांत विरली कीं रंग येतो. तो छापील पट्टीशीं ताडून आम्लता व विरघळलेला प्राणवायु समजतो. लिटरमागें ४ मिलिग्रॅमहून प्राणवायु उतरला, कीं माशांचे हाल सुरू होतात. विसर्जनानंतर गढूळपणा वाढलेला व प्राणवायु घटलेला त्यांस आढळला आहे. पण दोष सणावर ढकलून आपण मोकळे होऊं नये; सण दहा दिवसांचा, मोरी बारा महिन्यांची.

येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १८६५ सालीं अँजेलो सेक्की या येशूसंघीय धर्मगुरूंनीं पोपमहाशयांच्या जहाजावरून भूमध्य समुद्रांत पांढरी तबकडी सोडली व ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें मोजलें. स्वयंसेवकांच्या भांड्याच्या तळाशीं असते ती त्याच तबकडीची धाकटी, काळीपांढरी बहीण.

मात्र परीक्षेची वेळ सांभाळावी. रात्रभर शेवाळ, मासे व जंतु प्राणवायु वापरतात, म्हणून पहांटे तो सर्वांत कमी असतो. उन्हांत शेवाळ तो पुन्हां निर्माण करतें. दुपारचा आकडा फसवा. शिवाय या गोळ्यांनीं रोगजंतु कळत नाहींत. परीक्षेंत उतरलेलें पाणी पिण्याजोगें झालें असें कोणी मानूं नये. विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंतच दाखवावें.

माझी सूचना लहान आहे. आपल्या तरुणांनीं पोरेच्या काठीं एक जागा ठरवून, महिन्यांतून एकदां, ठराविक वेळीं पाणी पाहावें व वहींत लिहावें. एका दिवसाचा आकडा कचेरींत कोणी मानीत नाहीं. वर्षाची वही टेबलावर ठेवली म्हणजे उत्तर द्यावें लागतें. वही मी देतों. पहांटे उठणारे कोण, त्यांनीं सभा संपल्यावर नांवें द्यावींत.