भट्टीचा निवाडा



छंद म्हणून चाक फिरविणाऱ्याचे भांडे भट्टीत तडकले, की पहिला तडा मनाला जातो. 'हे आपले काम नव्हे', असे वाटू लागते. अशा वेळी सोळाव्या शतकातील फ्रान्सचा बर्नार पालिसी आठवावा. व्यवसाय काचेवरील चित्रकारीचा, मातीचे ज्ञान शून्य. परंतु एक शुभ्र प्याला पाहिला आणि तशी झिलई साधण्याचा ध्यास लागला. सरपण संपले तेव्हा घरातील मेजेही त्याने जाळली! पुढे एकदा झिलई वितळली. पण भट्टीच्या चुन्यातील गारगोट्या फुटून कपच्या भांड्यांना चिकटल्या. स्वस्तात खपणारी ती भांडी त्याने फोडून टाकली. घरच्यांची बोलणी ऐकत तो अंथरुणावर पडून राहिला. मग उठला, चित्रे काढून चार पैसे मिळविले आणि पुन्हा मातीकडे वळला. 1580 साली ही सारी हकीकत त्याने ग्रंथात नोंदविली.

दोष गारगोट्यांचा होता, हाताचा नव्हे. ओले भांडे घाईने भाजले तर आतील पाण्याची वाफ ते फोडते. कारण शोधावे, वहीत टिपावे. संसाराची होळी नको. पोटाचा उद्योग सांभाळूनच पुन्हा माती मळावी. भट्टी भांड्याचा निवाडा करते, माणसाचा नव्हे.