रक्तांतील जंतु आणि वेळेचा हिशेब

ताप हें रोगाचें नांव नव्हे. तें एक लक्षण आहे. मलेरियाचा ताप, मुदतीचा ताप, मूत्रमार्गाच्या दाहाचा ताप आणि फुप्फुसाच्या सुजेचा ताप हे पहिल्या दिवशीं थर्मामीटरला सारखेच दिसतात. यांपैकीं कांहीं आजारांत जंतु एका अवयवापुरते न राहतां रक्तांत शिरतात. निरोगी माणसाच्या रक्तांत जंतूंची वस्ती नसते. म्हणून तेथें ते खरोखरच सांपडले, तर ती गोष्ट गंभीर मानावी लागते. अशा संसर्गाचा प्रतिकार करतां करतां शरीराचा तोल सुटतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसें, मेंदु हे अवयव निकामी होऊं लागतात, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. २०१७ सालीं जगांत सेप्सिसचे सुमारें ४ कोटी ८९ लक्ष रुग्ण झाले आणि १ कोटी १० लक्ष मृत्यु घडले, असा अंदाज २०२० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

या रोगांत घड्याळाला फार महत्त्व आहे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांविषयीं २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, पहिल्या सहा तासांत योग्य औषधास जितका विलंब झाला, त्यांतील प्रत्येक तासागणिक जगण्याचें प्रमाण सरासरीनें ७.६ टक्क्यांनीं घटत गेलें. कोल्हापूर जिल्ह्यांत या हिशेबांत अंतराचीही भर पडते. चंदगडसारखा तालुका शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत पंचगंगेचें पाणी चढलें, तेव्हां पुणें-बंगळूर महामार्गदेखील बंद पडला होता. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारीं लांबच्या गांवाहून आलेल्या रुग्णाचे कित्येक तास वाटेंतच गेलेले असतात. आणि निघण्यापूर्वीं कोणीतरी दिलेल्या गोळ्यांचे दोन-तीन डोसही पोटांत गेलेले असूं शकतात. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची कां, हें पुढें दिसेल.

लवकर निदान व्हावें ही ओढ नवी नाहीं. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें फर्नांद विडाल यांनीं मुदतीच्या तापाची परीक्षा प्रसिद्ध केली. मध्यमवर्गीय घरांत 'विडाल' हा शब्द आज चांगला परिचयाचा आहे. रुग्णाच्या रक्ताचा पाणीदार अंश मेलेल्या जंतूंत मिसळावा आणि जंतूंच्या गुठळ्या होतात कीं काय तें पाहावें, अशी ही सोपी व स्वस्त रीति आहे. परंतु तिनें जंतु सांपडत नाहीं. जंतूविरुद्ध शरीरानें तयार केलेलें द्रव्य तेवढें सांपडतें. तें द्रव्य दिसूं लागण्यास सुमारें आठवडा लागतो, आणि पूर्वीं होऊन गेलेल्या आजारानंतरही तें मागें राहूं शकतें. त्यामुळें जेथें मुदतीचा ताप वारंवार आढळतो, तेथें एकाच विडालवर विसंबून औषध ठरविणें धोक्याचें आहे.

जंतु प्रत्यक्ष पकडावयाचा तर रक्ताचें कल्चर करावें लागतें. शिरेंतून काढलेलें रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलींत घालून ती शरीराच्या उष्णतेइतक्या उबेंत ठेवतात. जंतु वाढले कीं कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो आणि यंत्र तो टिपून सूचना देतें. बहुतेक बाटल्या एक-दोन दिवसांत बोलतात. कांहींची पांच दिवस वाट पाहावी लागते. मुदतीच्या तापांत एका मिलिलीटर रक्तांत पुष्कळदां एकही जंतु नसतो. म्हणून चमचाभर रक्तानें भागत नाहीं, आणि सर्व काळजी घेऊनही ही परीक्षा शंभरांपैकीं सुमारें साठच रुग्णांत जंतु पकडते. त्यांत प्रतिजैविकाची गोळी आधींच पोटांत गेली असेल, तर अर्धमेले जंतु बाटलींत वाढत नाहींत आणि अहवाल कोरा येतो.

बाटलीनें सूचना दिल्यानंतर पूर्वीं जंतूची जात ओळखण्यास एक दिवस आणि त्यावर कोणतें औषध चालेल हें ठरविण्यास आणखी एक दिवस जाई. हा अवधि आतां कमी करतां येतो. एका यंत्रांत लेझर किरणांनीं जंतूंचीं प्रथिनें उडवितात व तीं नळीच्या पलीकडे किती वेळांत पोहोंचतात यावरून कांहीं मिनिटांत जात सांगतात. पीसीआर या रीतीनें जंतूंच्या जनुकांचे अंश अनेकपट वाढवून सुमारें तासाभरांत नांव कळतें. यंत्रें महाग आहेत. परंतु युरोपांतील तज्ज्ञांच्या समितीनें २०१८ सालीं पुढें आणलेली एक रीति औषधाच्या साध्या कागदी चकत्यांवर चालते. बाटलींतील रक्त सरळ जंतु वाढविण्याच्या थाळींत पसरून चार, सहा व आठ तासांनीं ती वाचावयाची, एवढेंच. ती ठराविक जंतूंपुरतीच आहे; तरीही जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेस तिचा मोठा उपयोग होण्याजोगा आहे.

मात्र प्रयोगशाळेंत वांचविलेला वेळ रुग्णापर्यंत आपोआप पोहोंचत नाहीं. अमेरिकेंत ६१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत जलद परीक्षेनें जंतूचें नांव २२.३ तासांऐवजीं १.३ तासांत कळलें. परंतु अनावश्यक भारी औषध कमी होण्यास नेहमींच्या रीतींत ३४ तास लागले, तर केवळ जलद अहवाल हातीं दिल्यानें ३८. जेथें अहवाल येतांच औषधांचा जाणकार डॉक्टरांना सल्ला देई, तेथें हा काळ २१ तासांवर आला. मृत्यूंच्या प्रमाणांत तिन्ही गटांत फरक पडला नाहीं. नमुना घेणारा हात, तो पोहोंचविणारे पाय आणि अहवाल वाचून निर्णय करणारी बुद्धि यांपैकीं एकानेंही दिरंगाई केली, तर महाग यंत्र निरुपयोगी ठरतें.

यांतील कांहीं दुवे घरच्या माणसांच्या हातांत आहेत. तापाच्या रुग्णास कपाटांत उरलेलें प्रतिजैविक डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. दिलें असल्यास तें लपवूं नये. तापाबरोबर भ्रम, धाप, लघवी कमी होणें किंवा हातपाय गार पडणें हीं लक्षणें दिसलीं, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. तेथें दोन्ही हातांतून निरनिराळें रक्त घेतलें, तर कुरकुर करूं नये. कातडीवरील निरुपद्रवी जंतु चुकून बाटलींत शिरला कीं काय, हें त्या ताळ्यावरूनच कळतें. रक्त घेतल्यावर अत्यवस्थ रुग्णास अहवालाची वाट न पाहतां औषध सुरू करतात, तें योग्यच आहे. पुढें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मात्र नम्रपणें एक प्रश्न विचारावा: "कल्चरचा अहवाल काय आला, आणि त्याप्रमाणें औषध बदलावयाचें आहे काय?" हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाहीं, आणि प्रयोगशाळेंतील सारे श्रम रुग्णाच्या उपयोगीं पडण्यास त्याची फार मदत होते.